अन्साबाईची आडवी बाटली

दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून गावात मतदान होतं, आणि त्याच्या प्रचारासाठी मी गावभर दुकान चालू ठेवायची खूण रंगवली. तीही फार सुंदर.

हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आडवळणाने सांगायला गेलो की ऐकणारा मध्येच विचारतो, "म्हणजे, उभी काढली?" हो, उभी काढली. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मतदानात मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. जे हवं त्यावर शिक्का मारायचा. गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी अर्ध्याहून जास्त जणींचा शिक्का आडवीवर पडला तरच दुकान बंद होतं. जी घरी बसली, ती आपसूक उभीच्या बाजूची. हे मला अन्साबाईने दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा मी समजल्यासारखी मान हलवली होती.

अन्साबाई म्हणजे अनसूयाबाई. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. तिथे तिची थोडी धानाची शेती आणि एकुलता एक मुलगा, दिलीप. तिची एक सवय होती. समोर माणूस कोणीही असो, बोलण्याआधी ती एक पाऊल पुढे येऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. चोरून नाही, आंबा पिकला का पाहावं तशी सरळ. वास आला तर पाठ फिरवायची, नाही आला तर बोलायला लागायची. मी पाट्या रंगवणारा माणूस. पहिल्या भेटीत तिने माझाही वास घेतला आणि म्हणाली, "सकारीच?"

"टर्पेंटाइन आहे मावशी. ब्रश धुतो त्याने."

"दिलीप बी असाच रोज नवा नाव सांगते."

दिलीप दारू प्यायचा. दारूला पैसे नसले की झोपेच्या गोळ्या खायचा. 'पेंटरला शुद्ध बोलता येतं' असा गावाचा गैरसमज असल्यामुळे अन्साबाई मला बरोबर घेऊन कार्यालयं फिरली. एका ठिकाणी म्हणाले, दारूचं आम्ही पाहतो, गोळ्यांचं नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, गोळ्यांचं आम्ही पाहतो, दारूचं नाही. तिसरे म्हणाले, मारहाण केली तर या. चौथे म्हणाले, त्याची तयारी असेल तर घेऊन या. मी प्रत्येक ठिकाणी शुद्ध मराठीत आभार मानत होतो. चौथ्या टेबलापुढून अन्साबाई उठली.

"साहेब, पोरगा एकच हाय माहा. त्याचे तुकडे करून एकेका ऑफिसात देऊ का जी?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "दिल्लीले एकच ऑफिस पाहिजे गा पेंटर. दारू, गांजा, झोपेची गोरी, सारी नशा एका छपराखाली. दुकानाले कुलूप लावनारा तोच, पोराले दवाखान्यात नेनारा तोच, आन बरा झाल्यावर कामाले लावनारा बी तोच. मंग दुसऱ्याकडे जा म्हनाले जागाच नाई."

"त्याला राष्ट्रीय प्राधिकरण म्हणतात, मावशी," मी ज्ञान पाजळलं.

"नाव काईही ठेवा. दरवाजा एक ठेवा."

दिल्ली दूर होती, गावातलं दुकान जवळ होतं. फारच जवळ, बसथांब्याच्या अगदी समोर. दिलीप नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून दोनदा बरा होऊन आला होता आणि दोन्ही वेळा बसमधून उतरून घराआधी दुकानात शिरला होता. मतदानाच्या पुढच्या आठवड्यात तो तिसऱ्यांदा सुटणार होता. डॉक्टरांनी अन्साबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, लिव्हर संपत आलंय, आता प्यायला तर आमच्याकडे आणून उपयोग नाही. त्यामुळे गावाला जे मतदान होतं, ते तिला पोराचं जगणं-मरणं होतं.

असल्या वेळी तिने प्रचाराच्या भिंती माझ्यावर सोपवल्या आणि दिलीपजवळ नागपूरला गेली.

मी आधी आडवी बाटली काढून पाहिली. ती लोडासारखी दिसली. कलावंताला लोड काढवत नाही. मग उभी काढली. काचेवर उजेडाची रेघ, आत सोनेरी रंग, बाहेरून थंडगार थेंब. आणि वरून तांबडी फुली. फुली म्हणजे बंद, यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. बसथांब्यापासून शाळेपर्यंत एक भिंत सोडली नाही. दुकानाचा मालक गोंदियाचा, त्याला सगळे शेठ म्हणत. तो पायरीवरून मला हाक मारून म्हणाला, "पेंटर साहब, क्या बॉटल बनाई है! देखके ही प्यास लगती है." त्याने मला चहा पाजला. शत्रूसुद्धा कलेची कदर करतो, हे मी घरी दोन-तीनदा सांगितलं.

अन्साबाई परत आली ती बसमधून उतरताच भिंतीसमोर थांबली. मी कौतुकाची वाट पाहत होतो. चहाची गोष्टही सांगून टाकली.

"दुकान बुडवाले निंगालेल्याले शेठ चा काऊन पाजून राहिला गा?" ती म्हणाली आणि तशीच घराकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो.

तिने गल्लीतल्या बायका अंगणात बोलावल्या. पुठ्ठ्यावर कोळशाने दोन बाटल्या काढल्या, एक उभी, एक आडवी. त्या लोडासारख्याही दिसत नव्हत्या. कुंकवाची डबी पुढे केली. "लीला, दुकान बंद कराचा हाय. मार शिक्का."

शेजारच्या लीलाने कुंकवाचं बोट उभ्या बाटलीवर टेकवलं.

"तिथं काऊन वो?"

"फुली तिथंच त मारली हाय भितीवर. शिक्का बी फुलीसारखाच रायते ना जी."

दुसरीने उभीवर टेकवलं. तिसरीनेही. चौथीने माझ्याकडे हसून पाहिलं आणि उभीवर टेकवलं. मतदान परवावर होतं.

"शेठनं तुले काय देल्ला?" अन्साबाईने मला विचारलं.

"फक्त चहा, मावशी. देवाशपथ."

"पैसे घेऊन केला असता त समजला असता गा," ती म्हणाली. "हा त तू मनापासून केला."

त्याच संध्याकाळी मी चुन्याची बादली घेऊन माझी सगळी कला स्वतःच्या हाताने पुसली. पण भिंतीवरचं पुसलं म्हणून डोक्यातलं पुसलं जात नाही. धान लावायचे, रोवणीचे दिवस होते, बायका उजाडताच बांध्यांमध्ये, चिखलाच्या खाचरांत. दुसऱ्या दिवशी अन्साबाई बांधीबांधीने फिरली आणि तिच्यामागे मी, खांद्यावर रिकाम्या बाटल्यांचं पोतं घेऊन. मी पाऊल टाकलं की पोतं वाजायचं. बांधावरचे बाप्ये म्हणायचे, "काय गा पेंटर, सारा एकट्यानं पेलास?"

चिखलात वाकलेल्या बायकांच्या रांगेपुढे अन्साबाई बांधावर बाटली आडवी टाकायची. "पाहा वो. बाटली उभी असली का आपला मानूस नालीत पडते. बाटलीले पाडा, मंग मानूस उभा रायते. पडलेलीवर शिक्का मारा, उभीले हात लावू नोका. भितीवर होता तो विसरा. तो पेंटरचा येडेपना होता." प्रत्येक बांधीत ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि रांगच्या रांग सरळ होऊन मला पाहून घ्यायची. दिवस बुडेपर्यंत तिचा आवाज बसला. बऱ्याच बायका हसत होत्या, आणि हसल्यावर ध्यानात राहतं एवढीच आशा होती.

मतदानाच्या सकाळी शाळेच्या वळणावर एक टेम्पो उभा दिसला. खालच्या मोहल्ल्यातल्या बायका भरभरून बसलेल्या. चोरखमारा गावाकडे रोवणीचं काम निघालं होतं, मजुरी दुप्पट. टेम्पो शेठने पाठवलाय हे सगळ्यांना माहीत होतं, पण दुप्पट मजुरी कोण सोडेल? त्या बायका गेल्या असत्या तर आडवीचा आकडा अर्ध्यावर पोचलाच नसता. मी टेम्पोपुढे उभं राहून लोकशाहीवर बोलायला सुरुवात केली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी बाजूला झालो.

अन्साबाई बायकांशी बोललीच नाही. ती सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली, चाकावर पाय देऊन वर झाली आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"उतरा वो," ती बसक्या आवाजात ओरडली. "हा पेला हाय. नहरात घालन साऱ्याइले."

ड्रायव्हर शपथा घेऊ लागला. शपथ घ्यायला त्याने मागे वळून तोंड उघडलं आणि पहिल्या ओळीतल्या बाईनेच पदर नाकाला लावला. एकेक करून सगळ्या उतरल्या. शेठने सगळा विचार केला होता, पण ड्रायव्हर म्हणून आपल्याच दुकानाचं गिऱ्हाईक निवडलं होतं.

मोजणीच्या वेळी तीन ढीग झाले. उभीचा, आडवीचा आणि दोन्हीवर शिक्का मारलेल्या बाद मतांचा. तो तिसरा ढीग जसा वाढत गेला तसं खोलीतलं एकेक डोकं माझ्याकडे वळत गेलं. तो ढीग कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. अन्साबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. शेवटी आडवी अर्ध्याच्या वर गेली, जेमतेम. बायकांनी गलका केला. अन्साबाईने डोळे उघडून एवढंच विचारलं, "कुलूप कधी लावता जी?"

दिलीप आला त्या दुपारी आम्ही थांब्यावर होतो. तो पिशवी घेऊन उतरला आणि सवयीने रस्ता ओलांडून दुकानापुढे गेला. शटरला सील होतं. त्याने सीलला हात लावला. तो तिथे इतका वेळ उभा राहिला, की मी पुढे व्हायला निघालो. अन्साबाईने माझा दंड धरला. मग तो वळून आमच्याकडे आला. तिने त्याचाही वास घेतला. "चाल," म्हणाली, "भात निवून राहिला."

दुकान गेलं, पण मोटरसायकलवरून गोळ्या येतच राहिल्या. अन्साबाईने पुन्हा तीच कार्यालयं पाहिली, पुन्हा तीच उत्तरं ऐकली. मग तिने ग्रामसभेत ठराव मांडला, देशात नशेविरुद्ध एकच राष्ट्रीय प्राधिकरण व्हावं. ठरावाची भाषा माझी होती, फार भारदस्त. ती तिने वाचून घेतली आणि शेवटी एक ओळ जोडायला लावली, 'दरवाजा एक पाहिजे.' ठराव दिल्लीला गेला. पोचल्याचं कळलं. पुढचं अजून कळलेलं नाही.

या हिवाळ्यात ती गेली. त्याआधी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवर होती आणि दिलीप चुलीपुढे चहा करत होता. वाळलेला, पण दोन पायांवर उभा. वास घ्यायला तिला उठवत नव्हतं, म्हणून मीच वाकलो. तिचा चेहरा पाहिला, आणि धीर द्यायचा असला की मी मोठं बोलतो.

"मावशी, दिल्लीत तुमचं ऑफिस होणारच. आणि त्याच्या दारावरची पाटी मी रंगवीन. फुकट."

तिने डोळे उघडले, माझ्याकडे नाही, दिलीपकडे पाहिलं.

"दिल्लीले कळवून दे रे," ती म्हणाली, "पाटी छापून घ्या म्हना. यानं रंगवली त लोकं तिथं दारू घ्याले येतीन."