कॅनडाला असलेला धोका

आमच्या सोनईच्या घराच्या ओट्यावर रोज दुपारी चहाच्या वेळेला कॅनडाच्या राष्ट्रीय सुरक्षेवर चर्चा असते. बसणारे तिघे. एक आमचे हे, केंद्राच्या गुप्तचर खात्यातून निवृत्त झालेले. दुसरे मूळचे जामखेडचे, राज्य पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेत आयुष्य काढलेले. मुलगा इथल्या साखर कारखान्यात आहे म्हणून इकडे राहायला आले. तिसरे फौजी. लष्करात त्यांचंही काम तेच, दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते बघायचं. चहा मी करते. माझं मत कोणी विचारत नाही आणि मी ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

कॅनडाच का, तर आपल्या देशाबद्दल बोलायचं नाही ही तिघांची शपथ. शेजारच्या देशांबद्दल बोलायला लागलं की ओघात स्वतःचं काहीतरी तोंडातून निसटतं, मग तिघेही गप्प बसतात आणि चहा गार होतो. कॅनडात मात्र तिघांपैकी कोणी पाऊल ठेवलेलं नाही. ज्यातलं काहीच ठाऊक नाही त्यावर बोलायला बंदी नसते. शिवाय आमची एकुलती एक मुलगी लग्न करून तिकडेच गेलेली, म्हणजे विषय तसा घरचाच.

तर अमेरिका आणि कॅनडा यांच्यात एवढी लांबलचक हद्द आहे आणि तिला धड कुंपण नाही, याचं जामखेडच्यांना फार वाईट वाटायचं. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ बांधावर याहून जास्त पहारा ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. अतिरेक्यांची त्यांना काळजी नव्हती. सहा महिने बर्फ पडणाऱ्या गावात माणूस दुधाच्या पिशवीला बाहेर पडत नाही, तो कट कधी करणार. फौजी म्हणाले, बर्फात पाळत ठेवणं एकदम सोपं, माणसाची पावलं उमटतात. जामखेडच्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की मागच्याचीही उमटतात. त्यावर तिघे दोन दिवस बोलत होते. पुढे आपलं आणि कॅनडाचं बिनसलं आणि बातम्यांत रोज कॅनडा यायला लागला, तेव्हा मात्र यांनी टीव्ही बंद करायला लावला. टीव्हीवाल्यांना काही कळत नाही म्हणाले.

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिला नोकरी सोडून येता येईना, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. मी डिंक, हळीव, सुंठ, बाळंतशेपा आणून ठेवलं. तिघांनी ते ओट्यावर मांडून तपासलं. दळलेली सुंठ पाहून फौजींनी मान हलवली. म्हणाले, मी विमानतळावर असतो तर वहिनींना बाजूला घेतलं असतं.

व्हिसाच्या कामासाठी आम्ही नगरला एका एजंटाकडे गेलो. मुलीने त्याला फोनवर सगळी माहिती आधीच दिली होती. वडिलांची नोकरी: शेतकी खातं. तिला जन्मापासून तेच ठाऊक होतं. यांनीच तिला तसं सांगितलं होतं, शाळेत आणि गावातही तेच. शेतकी खातं नाही एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं मी विचारलं नाही, कारण विचारून उपयोग नव्हता.

एजंटाने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "ते चुकलंय. गुप्तचर खातं लिहा."

एजंट खुर्चीत मागे सरकला. त्याने चांगुलपणाने समजावलं की काका, असं लिहिलं तर तुमचा कागद वर्षभर हलणार नाही, कदाचित कधीच हलणार नाही. शेतकी खातं काय वाईट आहे? यांनी ऐकून घेतलं आणि परत तेच सांगितलं.

परत येताना घोडेगावपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. मग बोलले. सगळा जन्म बायको-पोरीशी खोटं बोललात, आणि खरं सांगायला तुम्हाला कॅनडा सापडला का, असं मी विचारलं. आणखीही बरंच विचारलं. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला, त्याला नीट ऐकायचं होतं.

हे खिडकीबाहेर ऊस बघत होते. म्हणाले, "बोलावनारी पोरगी हाय. उद्या उघडं पडलं तर माझं काय जानार न्हाई. तिचं तिथलं राहनं जाईल."

यांचं बरोबर होतं, त्यामुळे राग आणखीच आला.

त्या रात्री यांनी मुलीला फोनवर सांगितलं की मी शेतकी खात्यात नव्हतो. तिने एवढंच विचारलं, आईला माहीत होतं का, आणि फोन ठेवला.

माझा व्हिसा आला. यांची तपासणी चालू होती. कॅनडाला या माणसापासून धोका आहे की नाही, हे तिकडे कोणीतरी खुर्चीत बसून ठरवत होतं. गुडघ्यामुळे या माणसाला ओट्याची पायरी उतरायला भिंत धरावी लागते. मला वाटलं होतं मित्र तरी धीर देतील. जामखेडच्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि त्या खुर्चीत आपण असतो तर येऊ दिलं नसतं असं सांगितलं. फौजी म्हणाले, मीही. हे म्हणाले, बरोबर आहे, मीसुद्धा. तिघेही समाधानाने चहा प्याले. त्यांना पहिल्यांदाच कॅनडाची सुरक्षा भक्कम वाटली.

मी एकटी गेले. विमानात मला सगळ्यात जास्त यांचा राग येत होता आणि सगळ्यात जास्त आठवणही यांचीच.

बाळ सुखरूप झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातूनच मुलीने व्हिडिओ कॉल लावला. ओट्यावर तिघे एकाच मोबाईलमध्ये डोकी घालून बसले होते. बाळ पाहून झालं, नाक कोणाचं ते ठरवून झालं. मग मुलीने विचारलं, "बाबा, मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

सवयीने मीच उत्तर दिलं, आसामात. मला तेव्हा तेच सांगितलं होतं, आणि नगरच्या माझ्या माहेरी मी तेच सांगितलं होतं. आसामातून यायला वेळ लागतो, अशी माझ्या आईची समजूत मीच घातली होती.

पडद्यावर ते दोघे उठून बाजूला गेलेले दिसले. हे एकटे राहिले.

"आसामात न्हाई," हे म्हणाले. "नगरलाच हुतो. दवाखान्याच्या समोरच्या लॉजवर. रस्त्यावरच्या एका घरावर नजर ठेवायची हुती, खिडकी सोडायची न्हाई असा हुकूम हुता. सकाळी तुझे आजोबा दवाखान्यातनं भाईर आले आन् रस्त्यात वाटायला लागले. चहावाल्याला दिलं, रिक्षावाल्यांना दिलं. हातात बर्फी हुती, पेढे न्हवते. तवा कळलं, मुलगी झाली."

मुलीने बाळाला जरा जवळ घेतलं. मी तिच्या हातातून मोबाईल घेतला. माझ्या बाबांनी त्या सकाळी किती जणांना बर्फी वाटली असेल, आणि वाटताना जावई इथे नाही म्हणून त्यांना किती वाईट वाटत होतं, ते मला ठाऊक होतं. मला यांच्यावर ओरडायचं होतं. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"मग बर्फी खाल्ली का तुमी?"

"न्हाई," हे म्हणाले. "खाली उतरलो असतो तर सासऱ्यांनी वळखलं असतं."