घशात अडलेला आशीर्वाद

कोइनेटचा आवाज काय सांगावा! नैरोबीच्या दक्षिणेला, बिस्सिलच्या गुरांच्या बाजारात तो दलाली करायचा. बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याने भाव पुकारला की पार मटण भाजणाऱ्यांच्या टपऱ्यांपर्यंत ऐकू जायचा. गिऱ्हाईक फारच घोळ घालायला लागलं की म्हणायचा, "बैल घ्यायला आलायस की सोयरीक जमवायला? किती वेळ दात बघशील?" बाजार हसायचा आणि तेवढ्यात सौदा होऊन जायचा.

असल्या माणसाला रोग झाला तो नेमका घशाचा. "देवाला दुसरी जागा दिसली नाही का?" असं त्याची बायको नोलारी चारचौघांत म्हणायची, आणि तिला कुणी गप्प करत नसे.

नैरोबीच्या मोठ्या दवाखान्यात रेडिएशन झालं. गाठ विरघळली, डॉक्टर खूश झाले. कोइनेटलाही वाटलं, सुटलो बुवा. कसला सुटतोय! घरी आला आणि घशात कफ साचायला लागला. साधा सर्दीचा कफ नव्हे. तोंडातली पातळ लाळ पार आटून गेली होती आणि तिच्या जागी डिंकासारखं काहीतरी चिकट तयार व्हायचं. गिळायला जावं तर उलटी येई, खाकरावं तर लांबच लांब तार सुटे आणि अर्धी आतच राही. सकाळी डोळे उघडले की आधी श्वासाला वाट करून द्यावी लागे. पाठीशी गोणी लावून बसल्या बसल्या झोपायचा. आडवा झाला की जीव गुदमरायचा. आवाज तर असा बसला की शेजारी बसलेल्या माणसालाही कान पुढे करावा लागे.

पुढच्या तपासणीला नर्सने सगळं नीट समजावलं. सोडा आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्याने सारख्या गुळण्या करायच्या, घोट घोट पाणी पीत राहायचं, वाफ घ्यायची. थुंकी इथेतिथे टाकायची नाही, डब्यात टाकून झाकण लावायचं. "आणि दुधाने तुमचा कफ घट्ट होत असेल तर काही दिवस दूध बंद ठेवा," ती म्हणाली.

कोइनेट तिच्याकडे बघतच राहिला. आयुष्यभर त्याच्या पोटात दुधाखेरीज दुसरं गेलंय काय? "दूध बंद?" तो घोगऱ्या आवाजात नोलारीला म्हणाला. "मग गाठ काय वाईट होती?"

"वाईट होती," नोलारी म्हणाली. "चला आता."

तिने सगळं केलं. चुलीवर पाणी उकळायचं आणि तो अंगावर पांघरायची लाल शुका डोक्यावरून घेऊन पातेल्यावर वाकायचा. धाकटा भाऊ सारूनी येता-जाता चेष्टा करायचा, "दादा, आत बकरी शिजवतोयस का? एखादी तंगडी मला ठेव." कोइनेट आतून हसायचा आणि त्या हसण्यानेच कधीकधी कफ सुटायचा.

पण त्या झाकणाच्या डब्याने घात केला. झाकण कशाला लावायला सांगतात? विष असतं म्हणून, दुसरं काय! रोग थुंकीत उतरलाय आणि वर त्या मशीनची आग, असं कोइनेटने मनाशी पक्कं धरलं. नर्स म्हणाली होती की हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, डबा आपला स्वच्छतेसाठी. नोलारीने ते कितीदा सांगून पाहिलं. ऐकतोय कोण? तो वासरांच्या गोठ्यामागे जाऊन खाकरायचा, डब्यातलं स्वतः जमिनीत पुरायचा. पोरं रिवाजाप्रमाणे डोकं पुढे करून आली की लांबूनच हात लावायचा आणि तोंड फिरवायचा.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या गुरं पाळणाऱ्या जमातीत थोरांची थुंकी म्हणजे आशीर्वाद. मूल जन्मलं की तिचे शिंतोडे उडवतात, लेक सासरी निघाली की बाप दुधाची चूळ तिच्या डोक्यावर फवारतो. तुम्हाला किळस येत असेल तर येऊ दे. बापाने तोंड मिटून घेतलं तर मात्र लेक काय समजते ते आम्हाला विचारा.

आणि कोइनेटची लेक निघाली होती. सिलांतोइ, त्याची थोरली. सोयरीक तो आजारी पडण्याआधीच ठरलेली, त्याच्याच तोंडाने. निघण्याच्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिचं डोकं भादरून लाल मातीचा लेप दिला होता, गळ्यात मण्यांचे पट्टे घातले होते. नवऱ्याकडची माणसं कुंपणाच्या फाटकाबाहेर उभी होती. सिलांतोइ फाटकाशी येऊन गुडघ्यावर बसली आणि तिने डोकं खाली केलं.

नोलारीने दुधाने भरलेला सुका, पोकळ भोपळा पुढे केला. कोइनेटने तो घेतला आणि सारूनीच्या हातात दिला.

"तू कर," तो म्हणाला.

सारूनी भोपळा परत करू लागला. "दादा, काय बोलतोयस तू? तू जिवंत असताना मी?"

"कर म्हणतो ना!"

कोइनेटची बहीण नाइसुला आत्या तोंडावर हात ठेवून उभी राहिली. बाहेरच्या पाहुण्यांतला एक म्हातारा काठी टेकत दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. सारूनीने भोपळा तोंडाला लावला, तेवढ्यात सिलांतोइ मान वर न करता म्हणाली, "काका, थांब."

मग तिने विचारलं, "पापा, माझं काय चुकलं?"

तिला असं वाटेल हे कोइनेटच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला वाचवायला चालला होता तो! "तुझं काही नाही गं," तो कसाबसा म्हणाला, पण ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तो आवाज कुठला पोचायला!

"तुम्ही तोंड फिरवलंत तर मी इथून उठणार नाही," ती म्हणाली. "बसून राहीन. सगळे जाऊ देत परत."

नोलारी त्याच्या कानाशी आली. "सिलांतोइचे बाबा, आयुष्यभर बाजारात ओरडलात. आज एक चूळ टाकता येत नाही?"

त्याने सारूनीच्या हातातून भोपळा हिसकावून घेतला. वाटलं, नुसतं दूध उडवू, आपलं काही त्यात येऊ द्यायचं नाही. कितीतरी महिन्यांनी दूध तोंडात गेलं. क्षणभर बरं वाटलं, आणि मग ते आतल्या चिकट्याला जाऊन भिडलं. घसा गच्च बंद झाला. श्वास आत जाईना, बाहेर येईना. डोळे पांढरे झाले, भोपळा हातातून सुटला. "अगं बाई, मेला की हा!" नाइसुला आत्या किंचाळली. नोलारीने त्याला पुढे वाकवलं आणि पाठीत दणादण धपाटे घातले, आणि एकदम सगळं सुटलं. दूध, तार, चांगला मोठा बेडका, सगळं सिलांतोइच्या डोक्यावर.

लाल लेपावर ती पांढरट तार पसरली होती आणि कपाळावरून खाली ओघळत होती. कोइनेट धापा टाकत तिच्याकडे बघत होता. जे तो इतके महिने जमिनीत पुरत आला, ते त्याने भर गर्दीत लेकीच्या डोक्यावर ओतलं होतं. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि तो धडपडत मागे सरकला.

नाइसुला आत्या फडकं घेऊन पुसायला धावली. सिलांतोइने तिचं मनगट धरलं.

"राहू दे आत्या."

"अगं पण पोरी, हे..."

"मिळालंय मला," सिलांतोइ म्हणाली आणि उठली. मग ती फाटकाबाहेर पडली. आमची लेक निघाली की मागे वळून बघत नाही. तीही वळली नाही. पाहुण्यांतल्या त्या म्हाताऱ्याने तिच्या डोक्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवून वाट करून दिली.

नोलारीने सोड्याच्या पाण्याचा तांब्या आणला. कोइनेटने चूळ भरली आणि सवयीने गोठ्याकडे बघितलं. पण गोठ्याकडे जायला वाट नव्हती. सारूनी, आत्या, शेजारपाजार, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे, कुणीही न बिचकता, त्याला खेटून उभे होते. एवढ्या माणसांत पाऊल मागे घेतलं होतं ते त्याने एकट्याने.