वरच्या काकांचं मॉरिशसचं खातं

विरार पूर्वेला माणसं मोजायला बसलात तर मोजणारा थकेल, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका पुरावा मागणारा माणूस तुम्हाला दुसरा सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. ते माझे नात्याने कोणी नव्हेत. फुलपाड्याच्या आमच्या तीन मजली इमारतीत मी पहिल्या मजल्यावर वाढले आणि ते बरोब्बर माझ्या डोक्यावर राहायचे, म्हणून ते वरचे काका. सगळी नोकरी त्यांनी बँकेत काढली आणि त्यातली बहुतेक वर्षं नवीन खाती उघडण्याच्या टेबलावर. ते टेबल त्यांच्या अंगात असं मुरलं होतं की घरी कोणी आलं तरी ते आधी हाताकडे बघत, काही कागद आणलाय का ते. लग्नाची पत्रिका कोणी दिली की ती लाल पेन्सिलने तपासून परत मिळे. "तिथी आणि वार जुळत नाहीत. दुरुस्त करून आणा," असं त्यांनी एका वरपित्याला दारातच सांगितलं होतं आणि तो बिचारा खरोखर दुरुस्त करून घेऊन आला. भाजीवालीला विचारायचे, "मेथी आजची कशावरून?" डॉक्टरांनी साधा सर्दीचा ताप सांगितला, तरी म्हणायचे, "हे लिहून द्याल का?"

अठरा पूर्ण झाल्यावर मी माझं पहिलं खातं उघडायला त्यांच्याच शाखेत गेले, तेव्हा माझी समजूत अशी की ओळखीचं माणूस आहे, पाच मिनिटांत काम होईल. काकांनी फॉर्म उलटापालटा केला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"पत्त्याचा पुरावा?"

"काका, मी तुमच्या खालच्या घरात राहते!"

"ते मला शेजारी म्हणून माहीत आहे. बँकेला कुठे माहीत आहे?"

मला त्यांनी तीनदा परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यात रडत बसले होते, तर काकू वरून शिऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसून म्हणाल्या, "लग्नाआधी माझ्या वडिलांकडे माझा जन्माचा दाखला मागितला होता त्यांनी. तू तरी फक्त खातं उघडते आहेस." काकू म्हणजे त्यांचं अगदी दुसरं टोक. कुकर, छत्री, बाळंतपणाला सोबत म्हणून एखादी दूरची नातेवाईक बाई, काहीही कोणीही मागावं आणि त्यांनी द्यावं. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण त्यांच्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं आणि त्या उघड्या दारात काका जणू पहारेकऱ्यासारखे खुर्ची टाकून बसायचे. मला वाटतं, त्या दोघांचं मिळून एक व्यवस्थित माणूस होत होतं.

काकू गेल्या त्या दिवशी स्मशानातून मिळालेल्या पावतीवर त्यांचं नाव चुकीचं लिहिलं होतं. माझ्या वडिलांनी ती पावती घाबरतच काकांच्या हातात दिली. काकांनी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. लाल पेन्सिल काढली नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस खचला आहे.

त्यानंतरची दोन वर्षं वरच्या घरातून नुसता चपलांचा आवाज यायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. फोन एकाचाच नियमित यायचा. तो मॉरिशसच्या मित्राचा. हा मित्र तरुणपणी मराठी शिकायला मुंबईला आला होता. त्याचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला गेले आणि तिकडचेच झाले, पण घरात गणपती आणि आरत्या राहिल्या होत्या. भाषा मात्र झिजत चालली होती, ती नीट करायला म्हणून तो आला. दोन वर्षं काकांच्या मागच्या खोलीत राहिला. काकू त्याला भाकरी आणि व्याकरण दोन्ही वाढायच्या. पुढे तो तिकडे शाळेत मास्तर झाला, निवृत्त झाला, त्याचीही बायको गेली. आता फोनवर तो आपल्या मोडक्या गोड मराठीत सारखं म्हणायचा, "भाऊ, इकडे ये. माझा घर मोठा आहे. दोन माणूस बसेल, समुद्र बघेल."

काका तीन आठवड्यांसाठी गेले. परत आले ते उन्हाने रापून, आणि सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीवर चर्चा चालू असताना उभे राहून म्हणाले, "माझी थकबाकी काही नाही. मी मॉरिशसला राहायला जातोय. निवृत्त लोकांना तिथे परवाना मिळतो." सभा अशी गप्प झाली की टाकीचं गळणं ऐकू आलं. डहाणूला जायचं तरी आठ दिवस आधी परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक लिहून काढणारा हा माणूस!

परवान्यासाठी तिथल्या बँकेत खातं हवं होतं, म्हणजे पेन्शन दर महिन्याला तिकडे जाईल. आणि तिथल्या बँकेने खातं उघडण्यासाठी जी यादी पाठवली, ती वाचून काका कित्येक महिन्यांनी हसले. मला खास वर बोलावून त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. "एकोणीस कागद मागितलेत गं! काम चोख आहे यांचं." मग जरा थांबून म्हणाले, "मी असतो तर वीस मागितले असते." दुसऱ्या दिवसापासून ते रोज दाढी करू लागले. नवी फाइल आली, कप्प्यांना चिठ्ठ्या लागल्या. पोलिसांचा दाखला, रक्ताच्या तपासण्या, छातीचा फोटो, पेन्शनचं पत्र, सगळ्याच्या तीन तीन प्रती. माझ्याकडे फोन आणि ईमेलचं खातं सोपवलं होतं. एकूण मजेत चाललं होतं, आणि मग पत्त्याच्या पुराव्यापाशी काका अडकले.

पासपोर्टवरचा पत्ता त्या बँकेला पुरत नव्हता. गेल्या तीन महिन्यांतलं विजेचं बिल हवं होतं. आणि काकांच्या घराचं विजेचं बिल काकूंच्या नावाने येत होतं. ज्या घरात ते इतकी वर्षं राहिले, तिथे ते राहतात याचा कागद त्यांच्याकडे नव्हता.

मी म्हटलं, "नाव बदलून घ्यायचं राहिलं का हो काका?"

"राहिलं नाही. ठेवलं." ते खिडकीबाहेर बघत होते. "दर महिन्याला तिच्या नावाने घरात काहीतरी येतं पोरी. आता दुसरं काही येत नाही."

मी फाइल मिटून ठेवली. आठवड्याने ते स्वतःच म्हणाले, चल. वीज कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी मृत्यूचा दाखला मागितला, तो त्यांनी काढून दिला आणि शिक्का नीट उमटला आहे ना ते पाहिलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या नावाचं बिल आलं. ते त्यांनी माझ्यासमोर फाइलीत लावलं, पण वाचलं नाही.

एवढं करून कागद गेले, आणि महिन्याभराने परत आले. सही जुळत नव्हती.

काकांची सही हे आमच्या इमारतीतलं एक प्रेक्षणीय स्थळ होतं. पूर्ण नाव, देवनागरीत, आणि शेवटी सगळ्या अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे एका दमात ओढलेली सरळ शिरोरेषा. पासपोर्टवर तीच होती. पण काकू गेल्यापासून त्यांच्या उजव्या हाताला थोडा कंप सुटला होता आणि ती रेघ आता पावसात भिजलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी लोंबायची. त्यांनी पुन्हा सही करून पाठवली, पुन्हा परत आली. मग ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सराव करू लागले. मी एकदा चहा घेऊन वर गेले, तर जमिनीवर सगळीकडे त्यांचीच नावं पसरलेली, आणि मध्ये काका.

"नायगावची एक म्हातारी होती," ते एकदम म्हणाले. "खाडीच्या बाजूची. अशीच सही जुळत नव्हती तिची. म्हणाली, साहेब, पानी भरून भरून हात गेला माझा, आता पहिल्यासारखी सही कशी येनार? मी म्हटलं, नियम आहे, पुन्हा करा. तीनदा परत पाठवली तिला. चौथ्यांदा ती आलीच नाही."

"किती वर्षं झाली त्याला काका?"

"ते विचारू नकोस. तिचा खाते क्रमांक सांगू का?" आणि त्यांनी तो खरंच सांगितला.

त्या शनिवारी आम्ही नायगावला गेलो. म्हातारीचं आडनाव आणि गाव काकांना पाठ होतं. नव्या उंच इमारतींच्या मागे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर घर सापडलं. ओट्यावर तिची सून सुकी मासळी निवडत बसली होती. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"तुमी कोन?" तिने विचारलं.

"मी बँकेत होतो. त्यांच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली होती. त्यांचे पैसे..."

"ते आई गेल्यावर माज्या मालकानं काढले. लई कागद मागितले, बोलला."

"ते बहुतेक मीच मागितले असतील," काका खाली बघत म्हणाले.

तिने आता त्यांना नीट न्याहाळलं आणि ती हसली. "सहीवाले साहेब का? आई सांगायची तुमचं. बोलायची, तो साहेब मानूस वाईट नाय. घाबरट हाय."

मला वाटलं काका रागावतील. ते ओट्यावर बसले आणि तिने दिलेलं पाणी प्यायले. परत निघताना वाटेत म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझ्या साहेबांना जे कळलं नाही ते त्या बाईला तीन फेऱ्यांत कळलं. मला भीतीच वाटायची गं. चूक झाली तर आपल्या हातून व्हायला नको, एवढीच. लोकांना वाटायचं मी कडक आहे."

घरी आल्यावर त्यांनी मला बँकेला पत्र लिहायला सांगितलं. स्वतः तोंडाने सांगत होते, चकरा मारत: माझा हात थरथरतो, माझी सही यापुढे अशीच येईल, ती चालणार नसेल तर तसं कळवावं. चार दिवसांनी बँकेतून उत्तर आलं की व्हिडिओ कॉलवर या. ठरल्या वेळी मी फोन धरून उभी राहिले, काका इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी. पडद्यावर पंचविशीतली एक मुलगी होती. तिने इंग्रजीत नम्रपणे पासपोर्ट दाखवायला सांगितला, चेहरा पाहिला, मग म्हणाली, आता माझ्यासमोर कागदावर सही करा. काकांनी केली. शिरोरेषा मध्येच खाली घसरली, परत वर चढली. त्यांनी कागद वर धरला आणि आरोपीने कबुली द्यावी तसं म्हणाले, "ही जुळत नाही."

"सर, मी तुम्हाला सही करताना पाहिलं ना," ती मुलगी म्हणाली. "आजपासून हाच तुमच्या सहीचा नमुना."

फोन बंद झाल्यावर काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "नवा नमुना घ्यायचा नियम आमच्याकडेही होता," ते म्हणाले. "मी त्या म्हातारीला सांगितलाच नाही. नवा नमुना घ्यायचा, तर ती सही तिचीच आहे असं मला लिहून द्यावं लागलं असतं."

खातं उघडलं, त्यामागून परवानाही आला. जायच्या दिवशी सकाळी सगळी इमारत खाली उतरली होती. काकांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी गमतीने विचारलं, "पावती देऊ?" ते म्हणाले, "वेडी आहेस का?" आणि रिक्षात बसले. माझ्या आईने पदर तोंडाला लावला, तळमजल्यावरच्या आजोबांनी उगाचच रिक्षावाल्याला "सावकाश ने रे" असं दोनदा सांगितलं, आणि ती रिक्षा वळणाआड गेल्यावरही आम्ही सगळे तसेच उभे होतो, कोणी आधी वर जायचं ते ठरत नसल्यासारखे.

आता दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. ते आपल्यापेक्षा दीड तासाने मागे आहेत. दोघे म्हातारे रोज समुद्रावर जातात, रस्त्याने भांडतात, मित्र अजून 'माझा घर'च म्हणतो आणि काका अजून त्याला दुरुस्त करतात. शेजारची मुलं मराठी शिकायला येऊन बसतात, त्यांना ते श्लोक शिकवतात. मी गेल्या रविवारी विचारलं, "काका, एकदा येऊन जाल ना?"

"परवाना दहा वर्षांचा आहे पोरी. घाई काय?"

"आणि दहा वर्षांनी?"

 माझ्या मनात त्यांचं वय मोजून झालं होतं, त्यांच्याही झालं असणार. मग ते हसले आणि म्हणाले, "ठेवतो आता. इकडे अजून ऊन आहे, तो बाहेर उभा राहिलाय." फोन ठेवून मी खिडकीपाशी आले. गावामागचा डोंगर काळा पडत चालला होता, समोरच्या इमारतींतून एकेक खिडकी उजळत होती. मग मी देवापुढे दिवा लावायला आत गेले.