मिक्सरमध्ये आधी काय होतं

जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या त्या गिरणीत त्याला सगळे रकानेबुवा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. पूर्वी तो वजनकाट्यावर पावत्या फाडायचा. गिरणीत संगणक आले तेव्हा बाकीचे बिचकले, हा मात्र शिकला, आणि बघता बघता साऱ्या गिरणीचा रिपोर्ट त्याच्या हाती आला. कुठल्या मिक्सरमध्ये कुठला माल, कोणासाठी, कोणत्या गाडीत, सगळं एका टेबलात, फोनवर उघडणारं. माणूस तसा अबोल, पण टेबलाविषयी विचारलं की थांबत नसे. बायको म्हणायची, "घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगता येत नाही, आणि गिरणीतलं पोतं न् पोतं पाठ."

बायकोचा धाकटा भाऊ त्याच गिरणीत मिक्सरवर पाळीप्रमुख होता. यानेच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. एकदा हा मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचं टेबल फोनवर मावत नाही. सरकवून सरकवून बोट झिजलं. नको ते रकाने लपवायची सोय करा की."

मागणी रास्त होती. त्याने टेबलाच्या कोपऱ्यात एक बटण दिलं. ते दाबलं की सगळ्या रकान्यांची नावं यायची. नावापुढची खूण काढली की रकाना गायब, पुन्हा केली की हजर. ज्याला जे हवं ते त्याने बघावं. लोक खूश झाले. मेहुण्याने तर चारचौघांत त्याची पाठ थोपटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारचा डबा खाऊन तो जागेवर आला आणि सवयीने रिपोर्ट उघडला. टेबल जरा अरुंद वाटलं. 'आधीचा माल' हा रकाना दिसत नव्हता. आपण तर लपवलेला नाही. त्याने शेजारच्या हिशेबनीस बाईंच्या संगणकावर उघडून पाहिलं. तिथेही नव्हता.

मिक्सर एकच, आणि माल नाना तऱ्हेचा. कोंबड्यांच्या खाद्यात एक औषध घालतात. कोंबडीला ते मानवतं, पण घोड्याच्या पोटात गेलं तर थेट हृदयाला बाधतं. म्हणून कोंबड्यांच्या मालानंतर घोड्यांचा माल घ्यायचा असेल तर मधे नुसता मका फिरवून मिक्सर साफ करायचा, हा गिरणीचा नियम. आणि मिक्सरमध्ये आधी काय होतं हे सांगणारा रकाना हाच.

चूक कुठे झाली ते त्याला लगेच उमगलं. लपवलेला रकाना ज्याच्या त्याच्यापुरता लपायला हवा होता. त्याने ती निवड सगळ्यांसाठी जपून ठेवली होती. एकाने लपवला की साऱ्या गिरणीला दिसेनासा होत होता.

त्याने रकाना परत आणला आणि ओळी बघत खाली गेला. सकाळी कोंबड्यांचं खाद्य. पुढच्याच ओळीत घोड्यांचं. मधे मका नाही. पोती केव्हाच गाडीत चढून गेलेली, घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका तबेल्याकडे.

तबेल्याचा फोन वाजत राहिला. कोणी उचलेना. तो तसाच जिना उतरून मिक्सरकडे पळाला.

"आधीच्या मालाचा रकाना कोणी लपवला?" त्याने मेहुण्याला विचारलं.

"मी. सकाळी आल्या आल्या. मला ते तोंडपाठ असतं, कशाला उगाच जागा अडवायची?"

"आणि घोड्यांचा माल कोणी काढला?"

मेहुणा उत्तर द्यायला गेला आणि थांबला. सकाळी त्याला गोदामात बोलावलं होतं. मिक्सर दुसऱ्याने चालवला होता, पडद्यावर दिसेल तसा. यंत्राच्या आवाजात मेहुणा कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, साहेबांना इतक्यात सांगू नका. माझ्या गाडीवर जाऊ, पोती बदलून आणू. बभ्रा झाला तर माझी नोकरी जाईल. तुमचीही जाईल."

घरी बायको, तिचा हा एकुलता एक भाऊ. सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं.

"आणि एखाद्या घोड्याने खाल्लं असेल तर डॉक्टर कोण आणणार?" तो म्हणाला आणि तिथेच, मेहुण्यासमोर, त्याने मॅनेजरना फोन लावला. "साहेब, घोड्यांच्या मालात कोंबड्यांचं औषध गेलंय. रिपोर्टमधली चूक माझी आहे. तबेल्यात कोणी फोन उचलत नाही, मी निघालोय. घोड्यांचा डॉक्टर तिकडे पाठवा."

साहेब एवढंच म्हणाले, "निघा. गिरणीतली बाकीची पोती मी अडवतो."

मेहुण्याने मोटारसायकल काढली. हा मागे बसून फोन लावत राहिला. एका चौकात गाड्या तुंबल्या, तेव्हा मेहुण्याने सरळ फुटपाथवरून गाडी घातली. एरवी यानेच त्याला दटावलं असतं.

तबेल्याच्या कचेरीत फोन टेबलावर वाजत होता आणि खोलीत कोणीच नव्हतं. सगळी माणसं मागे घोड्यांकडे. राखणदार घमेल्याने गव्हाणीत खाद्य ओतत होता. त्याच्या पायाशी गिरणीचं पोतं, तोंड उघडलेलं.

"थांबा, ते घालू नका," म्हणत याने घमेलंच धरलं.

"कोण तुम्ही?"

"गिरणीतून आलो. यात घोड्यांना न चालणारं औषध गेलंय. कोणाकोणाला घातलं?"

राखणदाराने टोकाच्या तांबड्या घोडीकडे बोट दाखवलं. "हिला. ही अधाशी, हिला पहिलं घालावं लागतं, नाहीतर दारावर लाथा झाडते."

घोडीचं तोंड गव्हाणीत होतं. मेहुणा जन्मात कधी घोड्याजवळ गेला नव्हता. तो आत शिरला, तिच्या मानेखालून हात घालून ओंजळी ओंजळीने खाद्य बाहेर उपसू लागला. तिने मान झटकून त्याला भिंतीवर आदळलं. तो उठला आणि पुन्हा उपसू लागला. राखणदाराने तिला ओढून बाहेर काढलं तेव्हाच तो थांबला.

डॉक्टर आले. नाकातून नळी घालून त्यांनी विष शोषून घेण्यासाठी घोडीच्या पोटात कोळशाची पूड सोडली. "खाल्लंय थोडंच," ते म्हणाले, "पण आज काही कळायचं नाही. घाम, थरथर, खाणं टाकणं, यातलं काही दिसलं की मला बोलवा."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या भावाचं काय होईल?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावलं. "रकाना लपवला कोणी?"

"तो लपवता येत होता, ही माझी चूक," हा म्हणाला.

मेहुणा जमिनीकडे बघत होता. मग तो म्हणाला, "लपवला मी."

नोकऱ्या राहिल्या. पण मेहुण्याचं पाळीप्रमुखपद गेलं, त्याला गोदामात टाकलं. रिपोर्टमध्ये काही बदललं की दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय ते गिरणीत लावायचं नाही, असा हुकूम निघाला. आधीच्या मालाचा रकाना आता कोणालाच लपवता येत नाही.

घोडीसाठी रकानेबुवा रोज गिरणीत जाण्याआधी तबेल्यात डोकावायचा. एकदा तिने खाल्लं नाही म्हणून राखणदाराने फोन केला, तेव्हा त्याने लगेच डॉक्टरांना बोलावलं. पुढे डॉक्टरांनी यंत्र लावून तिचं हृदय तपासलं. घोडी वाचली, मात्र महिनोन्‌महिने तिच्यावर कोणाला बसू द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

मेहुण्याने घरी येणं सोडलं. बहीणच अधूनमधून त्याच्याकडे जाऊन यायची. मग एका सुट्टीच्या सकाळी दारात त्याचा आवाज आला. "ताई, दाजी आहेत का?"

दोघं समोरासमोर बसले. चहा झाला. मेहुणा म्हणाला, "त्या दिवशी माझ्यासमोर साहेबांना फोन लावलात, तेव्हा तुमचा फार राग आला होता. अजून थोडा आहे."

"असू दे," तो म्हणाला. "जेवून जा."