मंगळाची नोंद

सिल्व्हर पार्कातल्या आमच्या बिल्डिंगच्या फळ्यावर पाण्याचा टँकर कधी येणार ते लिहिलेलं असायचं, आणि त्याखाली, त्याच खडूने, 'मंगळ : किमान उणे ७६'. लिहिणारे आमच्या समोरच्या दाराचे नेवरेकर काका. वेधशाळेत जन्मभर थर्मामीटर वाचून रिटायर झालेले. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. सत्त्याण्णव साली मंगळावर यान उतरलं आणि या माणसाला पुन्हा ड्युटी मिळाली! रेडिओ, इंग्रजी पेपर, मिळेल तिथून आकडा आणायचे.

"अंकल, उधर पानी कब आयेगा?" तळमजल्यावरचे शहाभाई चिडवायचे.

"इधर से पहले!" काका म्हणायचे, आणि स्वतःच मोठ्याने हसायचे.

आकडा नाही मिळाला तर 'नोंद नाही' असं लिहायचे. मी म्हणायचे, "द्या की ठोकून अंदाजे. मंगळावर कोण बघायला जातंय?"

"अंदाज सांगणारे वेगळे, सुनंदा. आम्ही बघितलं तेवढंच लिहितो."

नवरात्राच्या तोंडावर यान गप्प झालं. फळ्यावर रोज 'नोंद नाही'. दसरा झाला. काका नीट जेवेनात, मी दिलेला डबा तसाच परत यायचा. "एवढ्या लांब एकटं पडलंय बिचारं," एकदा म्हणाले, "गारठलं असेल. कोणी हाका मारतंय ना गं त्याला अजून?" मला भडभडून आलं. आणि मी मेलीने काय करावं? दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या सांगितलं, "काका, पेपरात आलंय. बोललं तुमचं यान! उणे बहात्तर." चपला न घालताच ते जिना उतरले. त्या संध्याकाळी आमच्याकडे दोनदा आमटी मागून जेवले.

सकाळी दारात उभे. "कात्रण दे गं, वहीत चिकटवतो."

मला खोटं रेटवेना. सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. "माझ्यासाठीच केलंस ना," एवढंच म्हणाले आणि खाली गेले.

मी ऑफिसला निघाले तेव्हा फळ्यापुढे चारजण हसत उभे होते. 'कालची नोंद खोटी आहे. चूक माझी. वि. ग. नेवरेकर.'

"म्हातारा सटकला," सेक्रेटरी म्हणाला. मी मान खाली घालून गेटबाहेर पडले.

दिवाळीआधी पुतण्या येऊन त्यांना रत्नागिरीला घेऊन गेला. तिथेच ते वारले. जन्मभरात त्यांच्या सहीची एकच नोंद खोटी निघाली, आणि ती माझी होती, हे मी बिल्डिंगमध्ये अजून कुणालाही सांगितलेलं नाही.