भावोजींचं नाक

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, आमच्या कारखान्यात कार्बनच्या टाक्या सांभाळायचे. मी तिथेच पॅकिंगला. आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशव्यांवर छपाई होते. शाई पातळ करायच्या द्रवाचा उग्र वास मशीनवरून पंख्याने ओढून दोन उंच टाक्यांत सोडतात. टाक्यांत काळे दाणे असतात. वास त्यांना चिकटून राहतो आणि साफ हवा चिमणीतून बाहेर पडते. एका टाकीतले दाणे भरले, की हवा दुसरीत वळवायची आणि पहिलीत स्टीम सोडून दाणे मोकळे करायचे. काम एवढंच, पण भावोजींकडून ऐकाल तर वाटेल, अख्ख्या जगाचा श्वास यांच्या मुठीत आहे.

"कोळसा काय म्हणतेस?" चारचौघांत ते मला झापायचे. "ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हण. शिकलीयेस ना थोडीफार?"

आणि या माणसाला वास येतच नव्हता. तरुणपणी कसल्याशा तापात त्यांचं नाक गेलं ते कायमचं. दूध करपून काळं झालं तरी हे शेजारी पेपर वाचत बसलेले. हे फक्त ताईला माहीत होतं. मला फार उशिरा कळलं.

दाणे भरले की कळावं म्हणून चिमणीवर एक मीटर होता. तो ओरडला की यांना जेवण टाकून उठावं लागे. मग यांनी साहेबांना पटवलं, की मीटर बिघडलाय, उगाच बोंबलतो. मीटर दुरुस्तीच्या नावाखाली कपाटात गेला आणि त्याच्या जागी भावोजींचं नाक आलं. रोज सकाळी शिडी चढायची, मान उंच करून हुंगायचं आणि खाली उतरून जाहीर करायचं, "स्वच्छ!" नाकाने कांदे सोलणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण नसलेल्या नाकाने सोलणारा हा एकच.

इकडे चिमणीलगतच्या पॅकिंगमध्ये आमची डोकी दुखायला लागली. डोळे चुरचुरायचे, एकीला तर उलट्या झाल्या. मी भावोजींकडे गेले.

"हवेत काहीतरी आहे हो, भावोजी."

"तोंडं बंद ठेवून काम करा, डोकी दुखायची आपोआप थांबतील," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

मी साहेबांकडेही गेले. साहेबांनी विचारलं कुणाला? तर भावोजींनाच.

मग एक दिवस माल घेणाऱ्या कंपनीची माणसं कारखाना बघायला आली. आम्हाला अंगणात ओळीने उभं केलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, टाकीला पाठ टेकल्यासारखे उभे राहून भावोजी व्याख्यान देत होते. पाहुणे खोकायला लागले. त्यांच्यातली एक इंजिनिअर बाई म्हणाली, "काहीतरी जळतंय. तुम्हाला वास येत नाही?"

"येतोय ना!" भावोजी ऐटीत म्हणाले. "नव्या कार्बनचा आहे. सुरुवातीला असाच येतो, मॅडम."

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे टाकीच्या रंगाला फोड आले. दाणे वास पिऊन पिऊन आतून तापले होते आणि धुमसत होते. मी ओरडले, "भावोजी, सरका!" ते सरकले नाहीत, पळाले, पाहुण्यांना ढकलून सगळ्यात आधी फाटकाबाहेर. बॉयलरवरच्या माणसाने पंखा बंद करून टाकीत पाणी सोडलं. काळा चिखल अंगणभर वाहिला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

चौकशीत हे महाशय काय म्हणाले? "वास पहिल्यांदा मलाच आला होता. पाहुण्यांनी घाबरू नये म्हणून बोललो नाही." पडलो तरी नाक वर! साहेबांनी एक उघडी बाटली त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "काय आहे सांगा." भावोजींनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "पाणी," म्हणाले. तो शाई पातळ करायचा द्रव होता. साहेबांनी स्वतःच्या नाकाला रुमाल लावला होता.

त्यांना हातमोजे वाटायच्या खिडकीवर बसवलं. नातेवाइकांत ते सांगतात, सुरक्षा विभागात बढती झाली. मीटर परत चिमणीवर चढला. आमची डोकेदुखी हळूहळू थांबली.

त्यानंतर ताई घरी आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "मला माहीत होतं गं. त्यांनी शपथ घातली होती."

"आणि माझं डोकं दुखायचं तेव्हा तू मला बाम लावत होतीस!"

मी चहासुद्धा विचारला नाही. पुढे कित्येक महिने आमचं बोलणं बंद होतं. शेवटी ती माझी बहीण, माया कुठे जाते? आता पुन्हा येणं-जाणं आहे.

भावोजी मात्र खिडकीतून हातमोजे देताना अजून म्हणतात, "जपून वापर, फुकट नाही येत." मी मोजे घेते आणि चालू लागते. त्यांना उत्तर द्यायला तोंड उघडावं, एवढीही त्यांची किंमत माझ्या लेखी उरलेली नाही.