हाड मोडलं नव्हतं

माझं लग्न ठरलं तेव्हा पेडण्यातल्या आमच्या नातेवाइकांनी बाबांना विचारलं, "मुलगा करतो काय?" बाबा म्हणाले, "फुटबॉल खेळतो." त्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग बाबांनाच खुलासा करावा लागला, की डिचोलीकडच्या एका खाण कंपनीने त्याला खेळण्यासाठीच नोकरीत घेतलंय, सकाळी कचेरीत सही करायची आणि दुपारी मैदानावर जायचं. तेव्हा गोव्यातल्या मोठ्या संघांतले बरेचसे खेळाडू असेच होते. कागदावर कारकून, प्रत्यक्षात फुटबॉलपटू. खेळ चालू तोवर नोकरीला मान, हे कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचे हे डाव्या बगलेवरून खेळायचे. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. खेळातलं मला काही कळत नव्हतं, पण ह्यांचं पळणं हळूहळू कळायला लागलं. रेषेच्या कडेने वाऱ्यासारखे जायचे, एकाएकी डाव्या पायावर थांबायचे, आणि समोरचा गडी आपल्याच वेगाने पुढे निघून गेला की हे आत वळायचे. सगळी करामत त्या थांबण्यात होती. लोक म्हणायचे, "ह्याचो पांय न्हय, तो ब्रेक!" मी ऐकून नुसती हसायची.

पाळी या गावाच्या बाजूला एका मैदानावर साधा सरावाचा सामना होता. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, जमीन कडक झालेली. कडेला कधीतरी ट्रक वळला असावा, त्याच्या चाकाची खाच तशीच वाळून राहिली होती. हे थांबायला गेले आणि पाय त्या खाचेत पडला. मी पाहिलं. आवाज काही आला नाही. हे खाली बसले, कोणीतरी घोट्यावर पाणी ओतलं, हे उठले, दोनदा पाय झटकला आणि पुन्हा पळायला लागले. पूर्ण सामना खेळले. शेवटी एक गोलही ह्यांच्याच पासवर झाला.

बसस्टँडवरून घरी चालत येताना मी विचारलं, "बरंच लागलं का हो?"

"किरकोळ गे. मुरगळला."

घरी येऊन बूट काढला आणि मग तो पुन्हा चढेना. सासूबाईंनी आंबेहळद उगाळून गरम लेप लावला. सकाळी मी मासळी बाजारातून डब्यात बर्फ आणला आणि टॉवेलात बांधून घोट्यावर धरला. त्या टॉवेलाचा बांगड्याचा वास कित्येक दिवस जाईना. घोटा वांग्यासारखा जांभळा झाला होता, पण हे मुलांशी बोलावं तसं माझ्याशी बोलत होते, "अगो, हे खेळात चालायचंच."

म्हापशाला जाऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि म्हणाले, "हाड मोडलेलं नाही." त्या तीन शब्दांवर सगळं घर सैल झालं. सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. डॉक्टर पुढेही बोलले होते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारी दोरी असते, ती फाटल्यासारखी ताणली गेली आहे, निदान महिनाभर धावू नका, नाहीतर घोटा ढिला राहील. हे ऐकताना ह्यांनी मान हलवली, पण ती मान मला ओळखीची होती. वर्गात गृहपाठ सांगितला की काही मुलं अशीच मान हलवतात.

कारण पुढच्याच महिन्यात गोव्याच्या संघाच्या निवडीचं शिबिर होतं, आणि ह्यांचं नाव त्यात यायचंच असं शिबिराचे प्रशिक्षक सांगून गेले होते.

त्याच सुमारास ह्यांच्या संघातल्या गोलकीपरची नडगी मोडली. आम्ही त्याला बघायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये उंच टांगलेला, उशाशी मोसंबी, आणि कंपनीचे साहेब स्वतः येऊन सांगून गेलेले, पूर्ण बरा झाल्याशिवाय मैदानाकडे फिरकायचं नाही. आमच्याकडे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानापासून कचेरीपर्यंत सगळे रोज तेच विचारत, "कसो आसा पांय? आयतारा खेळटलो मू?" ह्यांच्या पायाला प्लास्टर नव्हतं. चालताना तो पाय जवळजवळ नीट पडायचा. दिसत नाही त्या दुखण्याला रजा कोण देणार? हेही द्यायला तयार नव्हते. रविवार आला की क्रेप बँडेज आवळून बांधायचे आणि बदली म्हणून का होईना, उतरायचे.

मग गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मराठीचं काय होणार यावरून रोज आवाज चढत. घरात बोलायचो कोकणी, पोथी वाचायचो मराठी, आणि त्यातलं आपलं कुठलं असं कोणी विचारलं की माझीही जीभ अडखळायची. पण खरं सांगायचं तर सगळा गाव भाषेची काळजी करत होता आणि मी घोट्याची. रस्ते बंद म्हणून सराव बंद. दक्षिण गोव्यातले, सासष्टीकडचे खेळाडू इकडे येऊ शकत नव्हते, शिबिर पुढे गेलं. हे नाइलाजाने सोप्यावर बसून होते. सूज उतरली. रंग परतला. मी मनातल्या मनात म्हणायची, बाबांनो, आणखी थोडे दिवस भांडा.

एके दुपारी बाहेर बसचा हॉर्न वाजला. सासूबाई म्हणाल्या, "सुटल्यो बसी." सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र ह्यांच्या घोट्याकडे पाहिलं. दुसऱ्याच दिवशी शिबिराचा निरोप घेऊन प्रशिक्षक स्वतः स्कूटरवरून आले.

ते मडगावकडचे, केस पिकलेले, एकेकाळी स्वतः बचावफळीत खेळलेले. मी चहा आणि पदेराकडचे ताजे उंडे पाव पुढे ठेवले. त्यांनी चहाला हात लावला नाही. ह्यांच्या पायाकडे बघत म्हणाले, "हांगा उबो राव. एका पांयार."

हे उठले आणि डाव्या पायावर उभे राहिले. मग हसत त्याच पायावर उड्या मारायला लागले. फरशीवर धप्, धप् आवाज होत होता. मी दारात होते. ह्यांचा चेहरा हसरा होता, पण उजवा हात मागे विजारीला घट्ट धरून होता. ते मला दिसत होतं, प्रशिक्षकांना दिसत नव्हतं.

"पुरो," ते म्हणाले. "आता दोळे धांप."

ह्यांनी डोळे मिटले. क्षणभर स्थिर राहिले. मग घोटा बारीक थरथरायला लागला आणि हे एकदम बाजूच्या कदेलवर कोसळले. खुर्ची उलटली, कपातला चहा सांडला. सासूबाई आतून धावत आल्या.

प्रशिक्षकांनी ह्यांना हात देऊन बसवलं. मग माझ्याकडे वळून, मी मराठी शाळेतली बाई म्हणून सावकाश मराठीत म्हणाले, "बाई, ह्याचं हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं. सहा महिन्यांनी मला माझा खेळाडू परत मिळाला असता."

"म्हणजे मी शिबिरात नाही?" ह्यांनी विचारलं.

"तू ये. मी नको म्हणणार नाही. पण मला विचारशील तर नको येऊस."

प्रशिक्षक गेल्यावर घरात वाद झाला. मी म्हटलं, "ते नको म्हणाले ना?"

"ते ये म्हणाले!"

"दोन्ही म्हणाले. तुम्ही एकच ऐकलंत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गे, हा चान्स गेला तर पुढल्या वर्षी माझ्या जागी दुसरा असेल. तो काय माझ्यासाठी थांबणार?" मी सांडलेला चहा पुसायला घेतला.

हे गेले. घोट्यात इंजेक्शन घेऊन पहिले काही दिवस उत्तम खेळले. आम्हाला निरोपही आला, की निवड पक्की समजा. मग एका सकाळी, कोणी अंगावर आलेलं नसताना, चेंडूही दूर असताना, तोच पाय पुन्हा आतल्या बाजूला वळला. कोणीतरी ह्यांना जीपमधून घरी आणून सोडलं. पुन्हा एक्स-रे. पुन्हा हाड मोडलेलं नव्हतं. या वेळी सासूबाईंनी नारळ ठेवला नाही.

गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात हे घरच्या घरी व्यायाम करत होते. डॉक्टरांनी आता सगळं नीट शिकवलं होतं आणि हे सगळं नीट करत होते. पुढच्या हंगामात पायाला दुखत नव्हतं. मी सामन्याला गेले आणि पहिल्याच धावेत मला कळलं. हे थांबायच्या आधी थांबत होते. म्हणजे त्या डाव्या पायावर सगळा भार टाकण्याआधी एक चोरटं, छोटं पाऊल जास्त टाकत होते. तेवढ्यात समोरचा गडी सावध व्हायचा. प्रेक्षकांना वाटायचं, ह्यांचा वेग कमी झाला. वेग होता तेवढाच होता. ह्यांचा त्या पायावरचा विश्वास गेला होता. आणि तो पाय वाचवता वाचवता दुसऱ्या पायाची मांडी धरली, ती बरी होते तोवर कंबर. प्रत्येक दुखणं किरकोळ. कुठल्याच दुखण्याने ह्यांना संघाबाहेर काढलं नाही. आधी अकरांतून बदलीत, मग बदलीतून नुसत्या बाकावर, असे हे सरकत गेले. गोलकीपर मात्र परतला आणि पूर्वीसारखाच उड्या मारायला लागला. तो ह्यांना भेटला की मान खाली घालायचा. ह्यांनी एकदा त्याला चिडून विचारलं, "अरे, तू का लाजतोस?"

त्या काळात मी सामना बघत नसे, जमीन बघत असे. कुठे खड्डा, कुठे दगड, कुठे गवताखाली ओल. ह्यांचा पाय जिथे पडेल तिथे माझा जीव आधी जाऊन बसायचा. रेडिओवर सामना असला तर मी मागच्या अंगणात भांडी घासत बसायची.

शेवटचा सामना फोंड्याला झाला, एका लहान संघाविरुद्ध, माणसंही थोडीच. उत्तरार्धात ह्यांच्याकडे चेंडू आला. समोर एक कोवळा, चपळ खेळाडू होता. हे रेषेवरून गेले, थांबले, आणि वळण्याऐवजी चेंडू साधेपणाने मागे दिला. मग कंपनीच्या संघाच्या प्रशिक्षकांकडे बघून हात वर केला. मला वाटलं, पुन्हा काही झालं. मी उठून उभीच राहिले. पण हे चालत, अजिबात न लंगडता, बाहेर आले आणि बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

सामना संपल्यावर मी जवळ गेले. "दुखतंय?"

"नाही."

"मग का आलात बाहेर?"

"पाय वळायच्या आधीच मला भीती वाटली," हे म्हणाले. "अशा पायाने कोण खेळतं?"

पुढच्या आठवड्यात ह्यांनी कचेरीत सांगून टाकलं, की आता मला खरोखरचं काम द्या. साहेबांनी जरा आढेवेढे घेतले, मग मालाच्या पाठवणीच्या कामावर घेतलं. पहिले काही महिने ह्यांना तिथे कोणी फारसं काम सांगत नसे, हे स्वतःच मागून घ्यायचे.

खेळ सोडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही जेवलो, आणि मी दुपारी झोपले. कितीतरी दिवसांत रविवारी मला अशी झोप लागली नव्हती. जागी झाले तेव्हा हे खिडकीशी बसून होते. मैदानाकडून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"तुका बरें दिसता मू?" ह्यांनी विचारलं. "मी खेळ सोडला म्हणून बरं वाटतं ना?"

हो म्हणायचं धाडस होईना, आणि नाही म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

"सांग गे. रागवत नाही मी."

"हो," मी म्हटलं.

ह्यांनी मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माका पण. आणि हेंच माका बरें दिसना."